घमेल्यात पाय

सकाळी शेडचे पडदे गुंडाळून वर करायचे, पाण्याची भांडी घासायची आणि मेलेली पाखरं उचलायची, अशी धाकटीच्या दिवसाची सुरुवात. यातलं तिसरं काम हल्ली इतकं वाढलं होतं, की पहिली दोन कधी उरकायची हेच तिला कळेना. पांढरी पाखरं पंख फुगवून, मान आत ओढून कोपऱ्यात गोळा होऊन बसायची. पुढ्यात खाद्य ओतलं तरी उठायची नाहीत. खाली पसरलेल्या भाताच्या तुसावर जागोजागी लाल, चिकट हगवण दिसायची. धाकटी एकेकाला पायाला धरून पोत्यात टाकायची आणि मनातल्या मनात सगळ्या जगाचा उद्धार करायची.

आणि जाळीच्या पलीकडे, त्याच शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात, दादाची तांबडी पाखरं मजेत उकरत होती.

"एकच शेड," दादा जाळीत बोटं अडकवून म्हणाला, "एकच खाद्य, एकाच टाकीचं पाणी. माझ्याकडे एक मरत नाही. मग फरक कशात आहे सांग बघू?"

"तूच सांग. तसाही सांगणारच आहेस."

"हातात. करणाऱ्याच्या हातात असतं सगळं."

"बरं. आता हात बघत बसू की पोतं भरू?"

"भर, भर. मी आलोच तूस हलवून दाखवायला."

तो येणारच होता. रोजच येत होता. आपल्या बाजूचं काम उरकलं, की दाताळं खांद्यावर टाकायचं आणि बहिणीच्या बाजूला जाऊन तिला कोंबड्या पाळायला शिकवायचं, हा त्याचा नेम होता. वर तो स्वभावाने वाईट नव्हता, हीच धाकटीची खरी अडचण होती. वाईट माणसाला तोंडावर दार लावता येतं. शिकवणाऱ्या भावाचं काय करायचं?

शेड आईची होती. बाबा गेल्यावर इतकी वर्षं ती दादानंच चालवली. कंपनी पिल्लं आणि खाद्य द्यायची, दादा पोसायचा, वाढलेली पाखरं कंपनी घेऊन जायची. धाकटी शहरात शिवणकामाच्या कारखान्यात होती. आधी तिचं लग्न मोडलं, मग कारखाना बंद पडला, आणि एक ट्रंक घेऊन ती घरी आली. कोणी तिला हाकललं नाही. पण स्वयंपाकघरात गेलं तर वहिनी म्हणायची, "राहू द्या हो, मी करते." अंगणात झाडू घेतला तर झाडू हातातून काढून घ्यायची. पाहुण्यासारखं बसून खायचं, आणि पाहुणा जात का नाही हे लोकांच्या डोळ्यांत वाचायचं, याचा तिला उबग आला. एक दिवस जेवताना तिनं सरळ म्हटलं, "मला अर्धी शेड द्या. मी राबेन."

दादाचा घास हातातच राहिला. "म्हणजे मला जमत नव्हतं, असं?"

आईला कमी ऐकू यायचं. पण कधी यायचं आणि कधी नाही, हे तिचं तीच ठरवायची. त्या दिवशी तिला सगळं ऐकू आलं. "मधोमध जाळी मारा," ती म्हणाली. "ही एक बॅच निघू दे. पोरीला जमलं तर जाळी कायमची. नाही जमलं तर काढून टाकायची, आणि तिनं आपलं शहरात काम बघायचं. मग माझ्यापुढे कोणी रडायचं नाही."

एवढं बोलून तिला परत ऐकू येईनासं झालं.

जाळी लागली. कंपनीचा टेम्पो या खेपेला दोन प्रकारची पिल्लं घेऊन आला. एक नेहमीची पांढरी, भराभर अंग धरणारी. दुसरी तांबूस पिसांची, जरा सावकाश वाढणारी. कंपनीला म्हणे दोन्ही जाती एका जागी वाढवून बघायच्या होत्या. कोणती कोणाला, हे सुपरवायझरनं घरच्यांवर सोडलं.

"पांढरी तू घे," दादा मोठ्या मनानं म्हणाला. "त्यांची सवय आहे आपल्याला, सोपी असतात. ही तांबडी नवीन. त्यांना जाणता माणूस हवा."

धाकटीला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की ती दात खायची.

दादा आत आला. जाळीतल्या फाटकाशी जमिनीवर औषधाच्या पाण्याचं एक घमेलं ठेवलेलं होतं. या बाजूला येणाऱ्यानं त्यात पाय बुडवून यायचं, हा नियम दादानंच केलेला. शेडला दार एकच, तेही दादाच्या टोकाला. त्यामुळे धाकटीला रोज त्याच्या तांबड्यांमधून चालत यावं लागे, आणि प्रत्येक वेळी ती निमूटपणे त्या गार पाण्यात पाय बुडवायची. तिच्या बोटांची साल निघाली होती. दादा मात्र लांब टांग टाकून घमेलं ओलांडायचा. त्याचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नवे होते आणि औषधानं त्यांवर पांढरे डाग पडायचे.

"हे बघ, असं खालपर्यंत घालायचं," तो दाताळं तुसात खुपसत म्हणाला. "तू नुसतं वरवर खाजवतेस."

"मी रोज तीनदा हलवते."

"तीनदा वरवर. एकदा खोल हलव."

तुसातून उग्र वाफ उठली. धाकटीचे डोळे चुरचुरले, नाकातून पाणी आलं. तळहाताचे फोड फुटून तिच्या दाताळ्याचा दांडा ओला झाला होता, पण ते हात दादाला दाखवायची तिची इच्छा नव्हती. दादा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरला, भांडी हलवून पाहिली, आजारी पाखरं बुटानं हलकेच ढकलून उठतात का पाहिली, आणि "कठीण आहे" म्हणून गेला.

बाहेर वहिनी कपडे वाळत घालत होती. तिनं धाकटीच्या हातातलं जड पोतं पाहिलं. "आजही एवढी?"

"हो."

वहिनीनं उशीचा अभ्रा झटकला. "मी काही म्हणत नाही हो. पण इतकी वर्षं या शेडमध्ये अशी मर कधी लागली नव्हती. एखाद्याचा पायगुणच असतो, त्याला माणूस तरी काय करणार?"

"काही म्हणत नाही म्हणता म्हणता सगळं म्हणालात की, वहिनी."

धाकटी खड्ड्याशी गेली. पाखरांवर चुना टाकला, माती लोटली. तिथे मात्र तिला रडू आलं. पायगुण! लग्न मोडलं तेव्हा सासरच्यांनीही हाच शब्द वापरला होता. ती तिथून उठून आली, तर शब्द तिच्याआधी इथे येऊन बसलेला. फावडं जमिनीवर आपटून ती मोठ्यानं म्हणाली, "मरा सगळे!" आणि लगेच घाबरून शेडकडे पाहिलं, कारण तिथे तेच चाललं होतं.

दुपारी सुपरवायझर आला. तोंडाला फडकं बांधून त्यानं दादाच्या बाजूला हौसेनं चक्कर मारली. धाकटीच्या बाजूला तो फाटकातच थांबला.

"कॉक्सी दिसतेय. रक्ती हगवण," तो म्हणाला. "लिटर मॅनेजमेंट कमी पडतंय, ताई."

"म्हणजे काय कमी पडतंय?"

"म्हणजे, खालचं तूस ओलं राहतंय."

"कुठे ओलं आहे? हात लावून दाखवा."

त्यानं हात लावला नाही. एका भांड्याखाली सांडलेल्या पाण्याचा मोबाइलवर फोटो मात्र काढला. "वर दाखवावं लागतं," तो म्हणाला. "तुमच्या दादांची बाजू बघा. शिका त्यांच्याकडून."

दादा मागे उभा होता. "मी सांगतोच आहे तिला," तो खंतावल्या आवाजात म्हणाला. "रोज जातोय. आणखी काय करणार?"

धाकटीला दोघांच्याही डोक्यात घमेलं घालावंसं वाटलं. "डॉक्टरला पाठवा," ती म्हणाली. सुपरवायझर म्हणाला, वरून कळेल. वरून काय, आभाळातून? ती तशीच सायकलवर बसली, जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टरीणबाई आत एका वासराच्या तोंडात नळी घालत होत्या, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोंबड्या मरताहेत. आणि सगळे म्हणतात मी घाणेरडी आहे," ती म्हणाली.

"आहात का?" डॉक्टरीणबाईंनी वर न बघता विचारलं.

"नाही!"

"मग ओरडू नका, वासरू बिथरतं. संध्याकाळी येते."

त्या आल्या, ऊन अजून भिंतीवर होतं तेव्हा. अंगणात उलटं ठेवलेलं क्रेट हेच त्यांचं टेबल झालं. नुकतंच मेलेलं एक पांढरं पाखरू घेऊन त्यांनी कात्रीनं पोट उघडलं. आतड्याच्या शेवटी बोटाएवढ्या दोन पिशव्या असतात, त्या रक्तानं टम्म फुगून काळ्या पडल्या होत्या. वहिनीनं तोंड फिरवलं. दादानं जवळ येऊन पाहिलं आणि मान हलवली, जणू त्याला हे आधीच ठाऊक होतं.

"आता तांबडं एक द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझं?" दादा दचकला. "माझी ठणठणीत आहेत."

"म्हणूनच द्या."

"ठणठणीत पाखरू कापायचं? हे कुठलं शास्त्र?"

"अहो, द्या हो एक," वहिनी वैतागून म्हणाली. "उगाच उजेड जातोय."

दादानं फार शोधून सगळ्यात बारकं पाखरू आणलं. पोट उघडल्यावर त्या बराच वेळ बघत राहिल्या. आतडं थोडं सुजलेलं, वर बारीक ठिपके, बाकी काही नाही. "आहे," त्या म्हणाल्या. "इथेही तेच आहे."

"काय तेच? रक्ताचा थेंब नाही!"

"म्हणून तर कोणाला कळलं नाही." त्यांनी हात पुसले. "हा रोग डोळ्याला न दिसणाऱ्या परजीवीचा. आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. तुमची तांबडी जात तो सोसते. खाते, पिते, हिंडते, आणि अंडी टाकत राहते. पांढऱ्या जातीचं आतडं सोलून निघतं. रोग एकच, जात वेगळी. या बाजूला कोण कोण येतं?"

"मी," धाकटी म्हणाली. "आणि दादा. रोज."

"मीही तेच म्हणत होते," वहिनी चाचरत म्हणाली. "पायगुण असतो म्हणून."

"पायगुणच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणाच्या पायाचा, तेवढं बघू."

त्यांनी सगळ्यांचे पाय बघितले. धाकटीच्या चपलांचे तळवे औषधानं पांढरे पडलेले, बोटांची साल निघालेली. दादाचे बूट वरून चकचकीत. त्यांनी त्याला पाय उचलायला लावला. तळाच्या खाचांमध्ये तूस आणि तांबड्यांची विष्ठा ठासून बसलेली होती. सुरीच्या टोकानं त्यांनी ती एका बाटलीत खरवडून घेतली. दादा एका पायावर तोल सांभाळत उभा होता. धाकटीनं त्याला असं पहिल्यांदाच पाहिलं.

"घमेलं आहे ना तुमच्याकडे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आहे," दादा म्हणाला. "मीच ठेवलंय."

"मग?"

"डाग पडतात," तो पुटपुटला.

आई ओट्यावर फाटकं पोतं शिवत बसली होती. तिला ऐकू आलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. बाटलीतल्या घाणीत त्या अंड्यांचा सुकाळ होता. डॉक्टरीणबाईंनी पाण्यातून द्यायचं औषध सांगितलं, काही दिवसांनी ते परत एकदा द्यायचं, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाऊल टाकायचं नाही.

दादा निरोप ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे माझी पाखरं चांगली, तरी दोष माझाच?"

"दोष कोणी म्हटलं?"

"मग काय, कौतुक केलं? मी तुझ्यासाठी येत होतो. स्वतःचं काम टाकून!"

हे खरं होतं, आणि त्यामुळेच धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पक्कड आणि करवत घेऊन शेडच्या मागच्या टोकाला गेली. गंजलेल्या तारांशी ती दुपारभर झटली. तारेनं मनगट ओरबाडलं, करवत लाकडात अडकली, घाम डोळ्यात गेला. शेवटी एक माणूस वाकून आत जाईल एवढं दार झालं. जुन्या खाटेची फळी तिनं त्याला बिजागरीवर लावली. ती नीट बसेना, म्हणून खाली दगड लावला.

"शेडला दोन तोंडं?" जाळीपलीकडून दादाचा आवाज आला. "वारा घुसेल. साप घुसेल."

"तू घुसणार नाहीस ना, मग झालं."

त्याला हे लागलं. तो तिच्या बाजूला यायचा थांबला, पण बोलायचा थांबला नाही. पाय बंद झाले तशी जीभ दुप्पट चालायला लागली. जाळीला चिकटून उभा राहून तो दिवसभर सांगायचा. पडदा अर्धा कर. भांडं उंच घे. ते बघ, ते तिकडचं बसलंय, उठव त्याला. धाकटीनं कानाला फडकं बांधलं, तेव्हा तो खुणा करून सांगायला लागला. आईला तरी निदान कमी ऐकू यायचं.

औषध लागू पडलं. मर कमी झाली. उरलेली पाखरं खायला उठायला लागली. पण अंगानं ती मागे पडली होती आणि सुपरवायझरच्या तोंडावरचं फडकं काही सुटलं नव्हतं. "बघू," तो म्हणायचा. "हगवण परत उलटली नाही म्हणजे मिळवली. तूस कोरडं ठेवा. एकदा ओलं झालं की संपलं." धाकटीला ते सांगायची गरज नव्हती. जाळी राहते की जाते, हे त्या तुसावर ठरणार होतं. ट्रंक अजून खाटेखालीच होती. तिनं तिच्यातले कपडे बाहेर काढून कपाटात ठेवायचं धाडस केलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेचं औषध आणायला ती तालुक्याच्या गावी गेली, तर दुकान बंद. दुसऱ्या दुकानात वाट बघायला लागली. दुकानदार जेवायला गेलेला, तो आल्यावर म्हणाला, सुट्टे नाहीत. मग सायकलची चेन पडली. काळ्या हातांनी, तोंडानं पुटपुटत ती घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती.

आई दारातच उभी होती. आई कधी दारात उभी राहत नसे.

"काय झालं?"

"तुझ्या बाजूची पाण्याची नळी सुटली," आई म्हणाली. "टाकी रिकामी होईस्तोवर वाहिली म्हणे."

 औषधाची पिशवी तिथेच टाकून धाकटी शेडच्या मागे धावली. तिच्या डोळ्यासमोर चिखल झालेलं तूस होतं, त्यात बसलेली पाखरं होती आणि खाटेखालची ट्रंक होती.

फळीचं दार उघडं होतं. बाहेर ओल्या, काळ्या तुसाचा ढीग लागलेला. ढिगाशेजारी बादली, साबणाची वडी आणि रिकामं घमेलं. आत दादा विजार मांडीपर्यंत दुमडून, अनवाणी, फावड्यानं ओलं तूस ओढत होता. अर्धी जमीन उघडी पडली होती, तिच्यावर चुन्याचा पातळ थर होता. पाखरं सगळी कोरड्या बाजूला हाकलून त्यानं त्यांच्यापुढे क्रेट आडवी लावली होती. त्याची पाठ घामानं चिंब झाली होती.

धाकटी दारात थांबली. तिला काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "पाय धुतलेस?"

"धुतले."

"साबणानं?"

"साबणानं! दोनदा! घमेल्यातपण बुडवले!" त्यानं फावडं थांबवलं. "नखं कापून आलोय, बाई. तीही बघायचीत का?"

तिनं खरोखरच त्याचे पाय बघितले. गुडघ्यापासून खाली ते लाल झाले होते, इतके घासलेले. घोट्याशी औषधाचे पांढरे डाग पडले होते.

"नळी कशी सुटली?" तिनं विचारलं.

"क्लिप ढिली होती. किती दिवस सांगतोय, नळी बघ, नळी बघ. तू कानाला फडकं बांधून बसतेस."

"बरं. चुकलं माझं."

हे ऐकायची त्याला सवय नव्हती. तो घुटमळला, फावड्याला चिकटलेलं तूस उगाचच दाराच्या चौकटीवर झटकलं. धाकटीनं दुसरं फावडं घेतलं, वहाणा बाहेर काढल्या, घमेल्यात औषध ओतून पाय बुडवले आणि आत गेली. दोघं ओलं तूस ओढत राहिले. बाहेरून वहिनी कोरड्या तुसाची पोती दाराशी आणून ठेवत होती आणि प्रत्येक पोत्याबरोबर "कंबर गेली माझी" असं म्हणत होती. शेवटचा कोपरा साफ झाला तेव्हा दादा कंबरेवर हात ठेवून जाळीकडे बघत उभा राहिला. पलीकडे त्याची तांबडी पाखरं जाळीशी गोळा होऊन उकरत होती, आणि त्यांनी उडवलेलं तूस जाळीच्या खालच्या भोकांतून या बाजूला येत होतं.

"ही जाळी अशी नाही चालायची," तो म्हणाला.

धाकटीचे हात थांबले. बॅच निघायची होती अजून. आईनं तसा शब्द दिला होता.

"खालून हातभर उंच फळी मारायला हवी," दादा म्हणाला. "पक्की. सिमेंटात बसवून. हे असं तूस येत राहिलं तर पुढच्या बॅचलाही तुझी मरतील. मग परत आहेच बोंब माझ्या नावानं."

 तिनं नाक पुसायला हात वर केला, तर हात चुन्यानं भरलेला.

"सिमेंट कोण आणणार?" तिनं विचारलं.

"तू आण. तुझी बाजू आहे."